खोकल्याची वाडी

जोहे गावातल्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. पेणहून निघून मी आसपासच्या वाड्यावस्त्यांचा नकाशा घेऊन हिंडत होते. जिथे गरिबी आणि आजार दोन्ही जास्त, ती वाडी लाल रंगवायची, हे माझं काम.

बाई मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखत बसल्या होत्या. "घरात खोकला कुणाला आहे?" मी विचारलं. त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. श्वास रोखून बुबुळ पुरं केलं, ब्रश पाण्यात बुडवला आणि मग थेट मूर्तीकडे तोंड करून पोटभर खोकल्या. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "खोकला कुनाला नाय गो."

"मग हे काय होतं?"

"ही धूळ. तुझ्या कागदावर आमची वाडी लाल झाली, तर पोरीला सोयरीक येईल का?"

फिरता दवाखाना आधी लाल वाडीत येणार, असं मी सांगितलं.

"असं व्हय? मग लिव. मला हाय, सासूला हाय, शेजारणीला तर लय हाय." पलीकडे मुकुट रंगवणारी शेजारीण लगेच खोकून दाखवू लागली.

मला हसू आलं. "पण डोळे आखताना खोकला एवढा दाबून का धरता?"

"देवाला डोळे यायच्या आधी खोकून काय उपेग? त्याला दिसाया नको?"

मी वाडी लाल केली. बाईंनी नकाशा हातभर लांब धरून, मूर्ती तपासावी तसा न्याहाळला.

"रंग झ्याक बसलाय," त्या म्हणाल्या. "पन याचे डोळे कधी आखनार?"