अंगावर शर्ट असेपर्यंत

भांडायचं झालं की तो आधी स्पर्धेचा निळा टी-शर्ट काढायचा. त्याच्या चार घड्या घालायचा, खुर्चीवर ठेवायचा आणि मला म्हणायचा, "ए मोजणी, बघ जरा याच्याकडं." मग बनियनवर जाऊन समोरच्याच्या कानाखाली काढायचा.

मोजणी म्हणजे मी. गावात जमीन मोजायला येणाऱ्या माणसासारखी माझ्याकडे कायम वही असते, म्हणून त्याने ठेवलेलं नाव.

ठाण्यात खाडीकडच्या बाजूला सात वर्षं एक टेनिस स्पर्धा भरत असे. व्यावसायिक, पण दुसऱ्या फळीची. टीव्हीवर दिसणारे खेळाडू तिथे येत नसत. येत ते वर जाता येत नाही म्हणून चिडलेले आणि खाली घसरलो म्हणून चिडलेले. सात वर्षांत एकवीस रॅकेटी कोर्टावर आपटून मोडल्या, माझ्या वहीत आहेत. आम्ही दोघं रेषेवरचे पंच. मी डोंबिवलीहून हौसेने जायचो. कोणी कोणत्या रेषेवर बसायचं, तो तक्ताही मीच करायचो.

तो तिथलाच, आगरी. कोर्टाच्या जागी एके काळी त्याच्या वडिलांचं मिठागर होतं. पहिल्याच वर्षी निळ्या रंगाखाली फुगे आले तेव्हा ठेकेदार डोकं धरून बसला. हा म्हणाला, "खाली मीठ हाय. कितीबी रंग मार, ते वर येनारच."

मिठागरावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाका मारून कमावलेला त्याचा आवाज. "आऊट!" म्हणाला की बाकी कोर्टांवरचे खेळाडूही थबकायचे. उजवा हात असा ताडकन बाहेर फेकायचा की पहिल्या वर्षी बाजूने जाताना माझा चष्मा उडाला. माफी मागितली नाही. "मोजणी, रेषेपासून लांब चालाचं," एवढंच.

गावात तो तीन डोकी फोडलेला माणूस. खुर्चीत मात्र हात गुडघ्यांवर आणि पापणी न हलवता. तिसऱ्या वर्षी एका उंच परदेशी खेळाडूची सर्व्हिस सरळ त्याच्या छातीवर आदळली. आधी हात बाहेर गेला, मग तो खाली वाकला. पाचव्या वर्षी फेकलेली रॅकेट भुवईवर बसली. कोर्टावर रक्त सांडलं, खेळ नऊ मिनिटं थांबला. रॅकेट फेकणारा त्याच्याहून किरकोळ होता. मी घाबरून त्याच्या हाताकडे बघत होतो.

"आंगाव शर्ट हाय तवर हात नाय," तो पट्टी दाबत म्हणाला. "संध्याकाली बघू." संध्याकाळी तो खेळाडू विमानतळाकडे निघूनही गेला होता. याला फार वाईट वाटलं.

सहाव्या वर्षी आयोजकांनी पहिल्या फेरीत एका स्थानिक मुलाला थेट जागा दिली. सकाळी हा माझ्याकडे आला. "मोजणी, तो माजे बहिनीचा पोर हाय. मना त्या म्याचला नको टाकू."

आडनावं वेगळी, मला कुठून कळणार? नियमाप्रमाणे त्याला बाजूला करायला हवं होतं. पण दोन पंच तापाने पडले होते आणि तक्ता एकदाचा बसला होता. मी म्हणालो, "अरे, सहा वर्षांत मुख्य पंचाने तुझे फक्त चार कॉल फिरवलेत. तूच बस."

तो बसला.

तिसरा सेट, टायब्रेक, भाचा एका गुणाने मागे. त्याचा फोरहँड खोल पडला. मागची आडवी रेषा त्याची होती, माझी नव्हे, पण चेंडू माझ्या समोरच टेकला. दोन बोटं बाहेर.

"आऊट!"

हात बाहेर. सामना संपला. भाचा जाळ्यापाशी उभा राहून मामाकडे बघत राहिला.

पार्किंगमध्ये पाच माणसं होती. मी मोजली. सगळ्यात पुढे त्याचा मेव्हणा, भाच्याचा बाप, हातात मंडपाचा बांबू.

"घरच्याला खाल्लास!" मेव्हणा ओरडला. "सख्ख्या भाच्याला!"

त्याची मूठ टी-शर्टच्या कडेवर गेली. मला वाटलं, आता घडी पडणार आणि मग या पाचांचं काही खरं नाही. पण त्याने कड सोडली. पहिला बांबू खांद्यावर, दुसरा उजव्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खाली पडल्यावर त्यांनी लाथांनी तुडवला. तो तोंड झाकून पडून राहिला. भाचा गाडीला टेकून उभा होता. माझ्या खिशात तक्ता होता. चेंडू बाहेर होता, याला तिथे मी बसवला, ही दोन वाक्यं मला बोलायची होती.

बोललो नाही.

रिक्षात त्याला घेऊन जाताना विचारलं, "शर्ट काढला का नाहीस रे?"

रक्त थुंकून म्हणाला, "काढला असता तर मी मामा जालो असतो. मंग तो कॉल मामाचा जाला असता."

सातव्या वर्षी रेषांवर कॅमेरे आले. आम्हा सगळ्यांना सुट्टी. यंत्रातून एक गुळगुळीत आवाज 'आऊट' म्हणायचा. तो प्रेक्षकांत तिसऱ्या ओळीत येऊन बसला, हात गुडघ्यांवर. चेंडू बाहेर पडला की यंत्राआधी त्याचा हात उठायचा आणि कोपरापाशी अर्ध्यात अडकायचा. त्या दिवशी तो एकदाही चुकला नाही. वही होतीच माझ्याकडे.

त्यानंतर स्पर्धा बंद झाली. पुढच्याच उन्हाळ्यात तो गेला. त्याच्या घरी मेव्हणा दाराबाहेर बसला होता, आत आला नाही. भाचा माझ्याजवळ आला. आता ठाकुर्लीला मुलांना टेनिस शिकवतो.

"काका, बॉल बाहेर होता," तो म्हणाला. "मला तेव्हाच दिसलेला."

मला संताप आला. "मग पार्किंगमध्ये बोलला का नाहीस?"

त्याने माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. "तुम्ही पण तिथेच होतात ना?"

आतल्या खोलीतून त्याच्या आईने हाक मारली म्हणून भाचा तिकडे गेला. मयताच्या उशाशी तो निळा टी-शर्ट ठेवला होता. कुणीतरी तीनच घड्या घातल्या होत्या. मी तो उचलला आणि चौथी घातली.