मामूंची समुद्राकडची खोली

पाहुणा आला म्हणून खूश होणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण पाहुणा निघाला म्हणून अंथरूण धरणारा गेस्ट हाऊसचा मालक मी जन्मात एकच पाहिला. माझ्या ऑफिसातल्या रत्नागिरीकडच्या मित्राचे ते मामू, आणि म्हणून कुवेतच्या किनाऱ्यावरच्या बनेद अल-गार वस्तीतल्या त्या घरात उतरणाऱ्या प्रत्येकाचे मामू. पन्नासच्या दशकात घरची माणसं मागं ठेवून कुवेतला नोकरीसाठी आलेले आम्ही एकटे जीव तिथं महिनाभर म्हणून उतरायचो आणि दीड-दोन वर्षं राहायचो, कारण मामू सोडत नसत. एका मल्याळी कंपाउंडरला अहमदीत, तेल कंपनीच्या वसाहतीत, क्वार्टर मिळालं, तर निघायच्या सकाळी त्याचा डावा बूट सापडेना. संध्याकाळी तो तांदळाच्या पिंपात सापडला. "बूट जायाला तयार नाय, तर माणसानं घाई कशाला करावी?" एवढंच मामू म्हणाले आणि त्याच्यासाठी सुरमई तळायला गेले.

उन्हं कलली की ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून किनाऱ्यानं फिरायला निघत आणि वाटेत भेटेल त्याला शुक्रवारच्या चहाचं आमंत्रण देत. कुवेती शेजारी, गलबतं बांधणारे सुतार, पॅलेस्टिनी शाळामास्तर, एखादा वाट चुकलेला गोरा इंजिनियर, सगळ्यांशी भाषा एकच, कोकणातली, वर चार अरबी शब्द भुरभुरवलेली. आमंत्रण दिल्याचं मात्र घरी येईपर्यंत विसरून जात. शुक्रवारी दारात तीस माणसं उभी राहिली की मामूच सगळ्यांत जास्त चकित होत. मग आम्ही कप विसळून विसळून पुन्हा भरायचो. गच्चीवर सतरंज्या पसरलेल्या असत. समुद्रावरची शिडं तांबूस होत जात, बोलणं आपोआप मंदावे, आणि इतक्या मुलखांची माणसं एकाच दिशेला बघत गप्प बसलेली असत. त्या गप्प बसण्यातच आमची खरी ओळख झाली, असं मला अजून वाटतं.

घरातली सर्वांत चांगली खोली मात्र कुणालाच मिळत नसे. वरची, समुद्राकडची, दोन खिडक्यांची. मामू ती रोज झाडत, चादर बदलत, पेल्यात रेहानची, म्हणजे तिकडच्या तुळशीची, हिरवी डहाळी ठेवत. "बीबी येतेय माजी," असं आठ वर्षं सांगत होते. बीबी दाभोळजवळच्या गावात होती. तिचा बाप आणि भाऊ एकाच होडीत बुडालेले. त्यानंतर तिनं समुद्राकडे पाठ केली ती केलीच, मग आगबोटीत पाय कुठला ठेवणार? पत्रं मामू माझ्याकडून लिहून घेत. खिडक्यांना रंग दिला, नवा आरसा लावला, असं खोलीचं साग्रसंगीत वर्णन त्यांत असे. तिकडून उत्तर एका ओळीचं: कोंबड्यांना कोण बघणार?

मी तिथं उतरलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझी बायको आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. मिळणार म्हणून सांगितलेलं क्वार्टर मिळालं नाही. माझी खालची खोली भट्टीसारखी तापायची. तिसऱ्या दिवशी मुलीला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, वाऱ्याच्या जागी ठेवा. बायको मुलीला मांडीवर घेऊन पुठ्ठ्यानं नुसती वारा घालत होती. मामू उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. मुलीकडे बघितलं, कमरेची वरच्या खोलीची किल्ली सोडून माझ्या हातात दिली आणि वर न येता मागच्या अंगणात जाऊन बसले.

सहाव्या दिवशी ताप उतरला. त्याच दुपारी त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. "लिव. तुजी खोली दिली. लेकरू आजारी होता. आता तू आलीस तरी जागा नाय." जरा मऊ लिहू का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले.

उत्तर आलं नाही. दीड महिन्यानं बीबीच आली. हातात पत्र्याची पेटी, बोटीच्या प्रवासानं उतरलेला चेहरा. मामू पेटी घ्यायला पुढे झाले. ती त्यांच्याकडे न बघता थेट जिना चढून गेली. "कोन हाय माज्या खोलीत?" माझी बायको धडपडून उठली आणि कपडे गोळा करू लागली. बीबीनं मुलीला उचलून घेतलं, तिच्या कपाळावर हात ठेवून पाहिला आणि खिडकीशी गेली. बराच वेळ ती समुद्राकडे बघत राहिली. मुलगी तिच्या बांगड्यांशी खेळत होती. मग ती वळून म्हणाली, "बस गो तू. मी खाली ऱ्हायन. हिला हितंच वारा लागतो."

मी खाली आलो, तर मामू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तोंडाला रुमाल लावून बसले होते. मी बाजूनं निघून गेलो.

सहा महिन्यांनी आम्ही अहमदीला गेलो. काही वर्षांनी ती दोघंही गावी परतली आणि ती जुनी घरं पाडली गेली. परवा एका शुक्रवारी गाडीतून तिकडून चाललो होतो. तिथं आता रुंद रस्ता आहे, मधोमध खजुराची रोपं लावलेली. मागून त्याच, आता मोठ्या झालेल्या मुलीनं इंग्रजीत विचारलं, इथं गाडी हळू का केली? शेजारी बसलेल्या बायकोनं नकळत पदर सावरून घेतला, घरातलं वडीलधारं माणूस समोर आल्यासारखा.