कवेलू फेरायच्या दिवशी मी चुलीपाशी होते

१९५४ चा वैशाख, शनिवार. दुसऱ्या दिवशी शाळेच्या छपराचे कवेलू फेरायचे होते आणि मी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. एरवी हे काम माझं नसे. कवेलूंच्या दिवशी सावली गावचा एक आचारी येऊन भात-वरण करी. यंदा त्याला ताप भरलाय, असं माझा चुलतभाऊ आदल्या दिवशी सांगून गेला होता.

"बाई, तुह्याबिगर हे कोनाले जमन?" तो म्हणाला होता. "पोंभुर्ण्याहून, चामोर्शीहून गाड्या येतेत. त्याइले का आंबाडीचा पाला खाऊ घालू?"

"गावात दुसऱ्या बाया नाईत का?"

"हायेत ना. पन त्याइच्या हातचा भात खाल्ला त पुढच्या वर्षी कोनी यायचं नाई."

मी हसले, पण हो म्हणायच्या आधी एक गोष्ट विचारून घेतली. ती का विचारली, ते कळायला आमच्या मंडळाची रीत सांगायला हवी.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं ते मंडळ. कामं दोनच. पावसाळ्याआधी शाळेचं छप्पर नीट करायचं आणि सातवी झालेल्या एका मुलाला पुढे चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, शिकायला धाडायचं. पैसा कोणाजवळ फारसा नव्हता, धान होतं. मळणी झाली की त्या शाळेत शिकलेल्या घराघरातून शाळेच्या कोठीत धान येई. ते कांडून तांदूळ चांद्याच्या वसतिगृहात पोचवला की एका मुलाचं वर्षाचं जेवण सुटे. वसतिगृहवाले मंडळाच्या शब्दावर मूल ठेवून घेत. त्या मुलाला गावात 'मंडळाचा विद्यार्थी' म्हणत आणि लोक त्याच्याशी जरा बेतानं बोलत.

कवेलू म्हणजे अर्ध्या नळीची देशी कौलं. हिवाळाभर वानरं त्यांच्यावर नाचतात, कवेलू फुटतात, फटींत पाला साचतो. म्हणून वैशाखात सगळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, कुजलेल्या बांबूच्या कांबी बदलायच्या आणि पुन्हा रचायचे. अंगणापासून छपरापर्यंत माणसांची रांग लागते आणि कवेलू हातोहात वर जातात. जुन्या कवेलूखाली विंचू निघतात, म्हणून रांगेत उभं राहणारा डोळे उघडे ठेवून उभा राहतो. दुपारी जेवणं झाली की शाळेच्या मोठ्या खोलीत मंडळाची सभा भरे. त्या सभेचा एकच नियम होता. ज्याचे हात त्या दिवशी कवेलूला लागले, त्यानंच बोलायचं आणि त्यानंच हात वर करायचा. कोठीत कितीही धान टाकलेलं असो, माणूस चांद्याचा वकील असो की पटवारी, रांगेत उभा राहिला नसेल तर त्यानं गप्प ऐकायचं.

त्या शाळेत बसलेली मी पहिली मुलगी. मंडळ निघालं तेव्हा लुगडं खोचून रांगेत उभी राहिले. एका म्हाताऱ्यानं सभेत हरकत घेतली, तर त्या वेळचे हेडमास्तर म्हणाले, "हात लागले ना कवेलूला? मग तोंड उघडेल." तेव्हापासून दरवर्षी मी रांगेत असे आणि सभेत बोलत असे. नवरा वारल्यावर शेती माझ्याच अंगावर होती. त्यामुळे चार माणसांत बोलायची भीती केव्हाच मोडली होती.

म्हणून मी भावाला विचारलं, "मी चुलीपाशी बसली त सभेत कोन बोलन? यंदा त्या पोरीचा सवाल हाये."

"मी हाओ ना," तो म्हणाला. "चिटनीस कोन हाये मंडळाचा? माहा हात तो तुहाच हात समज."

आम्ही एका अंगणात वाढलो. त्याची आई लवकर गेली आणि तो आमच्याच चुलीवर जेवला. मी त्याच्यापेक्षा वर्षानं मोठी, म्हणून तो मला बाई म्हणे, आणि मी त्याला सगळ्यांसारखं भाऊ म्हणे. त्याच्या शब्दावर शंका घ्यायची मला सवय नव्हती.

पोरीचा सवाल असा होता. आमच्या गावच्या एका ढिवराची मुलगी सातवीत शाळेतून पहिली आली होती. बाप वैनगंगेवर जाळं टाकी, आई चिरमुरे भाजून बाजारात विकी. नदीपलीकडचं एक घर पोरीला मागत होतं. आईनं त्यांना थोपवून धरलं होतं. कवेलूच्या दिवसानंतर सांगतो, असं ती त्यांना म्हणाली होती. म्हणजे मंडळानं पोरीला धाडलं तर चांदा, नाही तर ज्येष्ठात लग्न.

मी त्या आईला आधीच म्हटलं होतं, मंडळाचं काही का होईना, तुझ्या पोरीचे तांदूळ मी देते. ती कढईतली वाळू ढवळत म्हणाली, "नको बाई. एका घरचं खाल्लं त उद्या लोक तिले तुमची कामवाली मनतीन. मंडळाचं खाल्लं त ते गावाचं हाये. त्याले कोनी नाव ठेवत नाई." तिचं बरोबर होतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

रविवारी उजाडताच मी शाळेमागं तीन दगडांच्या चुली मांडल्या. मोहाची लाकडं होती, ती बरी जळतात. दोन गंज, म्हणजे मोठी पातेली, भाताचे, एक लाखोळीच्या डाळीच्या वरणाचा, आणि वांग्याची भाजी. गाड्या येत गेल्या. समोरच्या अंगणातून कवेलूंचा खडखडाट ऐकू येत होता, थट्टामस्करी चालली होती. कोणीतरी विंचू म्हणून ओरडलं आणि ती वाळकी काडी निघाली, त्यावर बराच वेळ हसणं चाललं. धूर डोळ्यांत जात होता. मला तिथं असायला हवं होतं असं वाटत होतं, पण भात सोडून उठता येत नव्हतं.

पंगत बसली. मी वाढत वाढत पुढे गेले तर पानावर सावलीचा आचारी. केसांत कौलांचा चुरा, हात कोपरापर्यंत काळे.

"तुमाले त ताप होता ना?" मी म्हटलं.

"मले?" तो हसला. "मले कायचा ताप, बाई? भाऊनं निरोप धाडला, यंदा बाई रांधते मनते, तू आपला कवेलू धर. म्या म्हटलं बरं झालं, येका वर्षी त दुसऱ्याच्या हातचं खाऊ." मग घास घेऊन म्हणाला, "वरनाले मीठ जरा कमी पडलं."

मी त्याला मीठ वाढलं. भाऊ पंगतीच्या टोकाला बसला होता. मी तिथवर गेले तेव्हा त्यानं पानावर हात आडवा धरला आणि पुरे म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं. काय ते नाही, पण काहीतरी आहे एवढं कळलं.

सभा भरली. मी दारात उभी राहिले, हाताला हळद, पदराला धूर. आधी छपराचं निघालं. मधलं आढं वाळवीनं पोखरलं होतं, या पावसाळ्यात बसेल की काय अशी धास्ती होती. हे सगळ्यांना माहीत होतं. मग भाऊ उभा राहिला. जुन्या मालगुजारांच्या घरून सागाचं आढं आणि वासे मिळत आहेत, असं तो म्हणाला. खोलीत बरं वाटल्याचा आवाज झाला. त्यानं तो विरू दिला. मग म्हणाला, त्यांचा भाचा यंदा याच शाळेतून सातवी झाला आहे, तर यंदाचा मंडळाचा विद्यार्थी म्हणून त्याला धाडावं अशी आपली सूचना आहे.

त्या भाच्याला आमच्या तांदळाची काही गरज नव्हती. त्याच्या घरी हत्ती जेवला असता. त्यांना हवं होतं ते नाव. मालगुजारी, ती जुनी जमीनदारी, कायद्यानं गेली होती आणि गाव आपल्याला अजून काही समजतं, एवढं त्यांना पाहायचं होतं.

मी दारातून म्हटलं, "आणि ती पहिली आलेली पोरगी?"

अध्यक्ष वयानं मोठे, भले गृहस्थ. ते चाचरत म्हणाले, "बाई, रीत तुमाले माहीत हाये. यंदा तुमचे हात कवेलूले लागले नाईत."

"बाईचा हात भातालेच बरा," मागून कोणी तरी म्हणालं. हसू झालं.

"तो भात तुमच्या पोटात हाये," मी म्हटलं. "मंग माहे हात कुठी कुठी लागले ते सांगू का?"

त्यावर आणखी मोठं हसू झालं, आणि हसण्यात ते संपलं. चामोर्शीकडच्या ज्या दोघातिघांशी मी आठवडी बाजारात बोलून ठेवलं होतं, ते माझ्याकडे पाहत होते. कोणीतरी सुरुवात करावी म्हणून. सुरुवात मीच करत असे दरवर्षी. ती झाली नाही, तसे तेही चटईच्या काड्या मोडत बसले. हात वर गेले. काळे, धुळीचे हात. आचाऱ्याचाही गेला. त्याला बिचाऱ्याला कशावर मत देतोय हे तरी कळलं होतं की नाही कोण जाणे. पहिला हात भावाचा होता.

सभा उठल्यावर तो विहिरीवर हात धूत होता. मी तिथं गेले.

"मले आधी सांगता नाई आलं?"

"सांगतलं असतं त तू आयकली असती?" तो बादलीत बघत म्हणाला. "तू रांगेत असती त तू बोलली असती. तू बोलली असती त सारे तुह्या मांगं गेले असते. मंग आढं कोन देते? तुहा बाप?"

"माह्या बापाले काढू नको. त्याच्याच घरी जेवला तू."

त्यानं बादली खाली ठेवली. मग जरा हळू म्हणाला, "छप्पर पडलं त गावची बाकी पोरं कुठी बसून शिकतीन, बाई? पुढच्या वर्षी पाहू ना तुह्या पोरीचं."

"पुढच्या वर्षी तिच्या कडेवर लेकरू राहीन."

"मी का करू मंग?"

"आता काई नको करू. तुहा हात तो माहा हात म्हटला होता, तेवढा वापस घे."

आढं आलं. चांगलं सरळ, जुन्या सागाचं आलं, वासेही आले. हे मी मुद्दाम सांगते, कारण भावानं फसवलं म्हणून त्याचं सगळंच खोटं होतं असं म्हणणं सोपं आहे. शाळेचं छप्पर त्या पावसाळ्यात बसलं नाही. छप्पर खरोखर हवं होतं. पण त्यासाठी ढिवराच्या पोरीची जागा देऊन टाकायची, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. त्यात अडथळा एकच होता, तो म्हणजे मी. तो त्यानं माझ्या स्वयंपाकाची वाहवा करून बाजूला केला. माझ्याशी भांडला असता तर मी भांडले असते. हरले असते तरी चाललं असतं. त्यानं मला भांडूच दिलं नाही. आणि त्यासाठी त्यानं तीच रीत वापरली, जिच्या जोरावर मी आजवर सभेत उभी राहत होते. मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पडवीचे कवेलू उरले होते, त्यामुळे बरेच जण गावातच मुक्कामाला थांबले. मी सकाळी उठले आणि आधी ढिवराच्या घरी गेले. भाऊ तिथं जाऊन गोड शब्दांत काही सांगेल, त्याआधी मला सांगायचं होतं. आईची भट्टी पेटली होती. मुलगी तिथंच बसून चिरमुरे चाळत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, मंडळानं दुसऱ्याला धाडायचं ठरवलं.

आईनं कढई खाली उतरवली. मग म्हणाली, "तुमी बोलल्या नाई का, बाई?"

"मले बोलू दिलं नाई. मी रांधत होती."

"काऊन? आचारी मेला होता का?"

माझ्या उत्तराची वाट न पाहता ती पोरीला म्हणाली, "बापाले सांग, नदीपार निरोप धाडा मनावं." पोरगी चाळणी ठेवून उठली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, की तांदूळ माझ्याकडचे घे, वसतिगृहवाल्यांना मी स्वतः जाऊन भेटते. आईनं नुसती नकाराची मान हलवली. आग्रह करायचा मला अधिकार राहिला नव्हता.

तिथून मी सरळ शाळेत गेले. रांग लागत होती. शाळेमागं गंज तसेच पडले होते, चुलीत कालची राख. मी लुगडं खोचलं आणि शिडीजवळच्या जागेवर, भाऊ आणि आचारी यांच्या मधे, उभी राहिले.

"बाई, चूल?" भाऊ म्हणाला.

"आचारी हाये ना इथं," मी म्हटलं. "ताप उतरला त्याचा. दे कवेलू."

त्यानं दिला. मी तो वर दिला, आणि पुढच्यासाठी हात पुढे केला. दुपारपर्यंत आम्ही पडवी पुरी केली. जेवणाचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी पाहिलं, मी घरी जाऊन भाकर खाल्ली.