करड्या ठिपक्याची ओळ

सुजाता मॅडमचं अकाउंट आज मला बंद करायचं आहे.

माणूस कायमचा गेला की लॉगिन बंद. हा नियम मीच लिहिलेला आहे.

मॅडम मागच्या रविवारी सकाळी गेल्या. खालापूरला, राहत्या घरी. हार्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कर्जतजवळच्या आमच्या कॅम्पसवर त्या स्टॅटिस्टिक्स शिकवायच्या. इथे ॲडमिशन झालं की प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळतो, आणि ते सगळे लॅपटॉप, त्यातली सॉफ्टवेअर, वायफाय, सगळं बघणारा मी. डिग्री नाही. भिसेगावात टीव्ही दुरुस्त करता करता भंगारातले कंप्युटर उघडून शिकलो. कुणालाही न विचारता.

हे मी आजवर छाती फुगवून सांगत आलो.
आज जरा कमी फुगवून सांगतोय.

बाकीचे सर लोक स्लाइड दाखवायचे आणि मुलं शेजारच्या विंडोत क्रिकेट बघायची. मॅडमनी आल्या आल्या मला गाठलं.

"मोरेभाऊ, सगळ्या वर्गाला एकाच पानावर, एकाच वेळी लिहिता येईल असं काही आहे का हो?"
"आहे. पण गोंधळ होईल."
"होऊ दे की. वर्ग आहे तो, तुमची सर्व्हर रूम नाही."

मी शेअर्ड पान सुरू करून दिलं. जो पान उघडेल त्याचा रंगीत ठिपका वर कोपऱ्यात दिसतो, नावासकट.

मॅडमची पद्धत अशी. तास संपायच्या आधी प्रत्येकाने त्या पानावर एक ओळ लिहायची: आज काय नाही कळलं. कळलेलं लिहायचं नाही. पहिली ओळ त्या स्वतः लिहायच्या. एकदा त्यांनी लिहिलं होतं, "मागच्या बाकावर आज एवढं हसू कशाचं होतं, ते नाही कळलं."

त्या पानावर मीही असायचो. माझ्या खोलीत बसून. लोड किती येतोय ते बघायला, असं मी स्वतःला सांगायचो.

खरं म्हणजे शिकायला.

ॲडमिनचा, म्हणजे माझा, ठिपका करडा असतो, बिननावाचा. तो इतरांना दिसत नाही अशी माझी खात्री होती. तपासलं होतं ना मी! माझ्याच मशीनवर. "दुसऱ्याच्या मशीनवर तपासल्याशिवाय काम झालं म्हणू नका," हे मी दर वर्षी नव्या पोरांना ऐकवतो.

तास संपला की मी पान आवरायचो. मुलांच्या ओळींना एक, दोन, तीन असे नंबर असायचे, आणि त्यांच्या खाली नेहमी पुढचा एक नुसता नंबर पडलेला असायचा. त्याच्यापुढे ओळ रिकामी. मला असलं अर्धवट चालत नाही. काढून टाकायचो. पुढच्या तासाला परत तेच.

शेवटी कॅन्टीनमध्ये बोललो, "मॅडम, पान जरा नीट संपवत जा."
त्या हसल्या. "तुम्ही फार स्वच्छ माणूस हो, मोरेभाऊ."

मी ते कौतुक समजलो.

काल खालापूरला मॅडमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. बुद्धवंदना झाली. मॅडमच्या आईंनी माझा हात धरला.

"तुमीच का ते कंप्युटरवाले? लय बोलायची तुमच्याबद्दल. म्हनायची, आये, माझा एक इद्यार्थी हाय, नाव न सांगता बसतो."

मला वाटलं, आजींची काहीतरी गल्लत होतेय.

मांडवाबाहेर मनाली उभी होती. मॅडमची विद्यार्थिनी, दहिवलीची. रडून डोळे सुजलेले. तिला धीर द्यावा म्हणून म्हणालो, "मॅडमचं अकाउंट गेलं तरी पानं जाणार नाहीत. मी ती वर्गाच्या नावावर करतोय. एकदम नीटनेटकी आहेत. शेवटची रिकामी ओळ तर मी त्याच दिवशी काढायचो."

ती रडायची थांबली.

"सर, ती तुमी काढायचात?"
"मग कोण काढणार?"
"अहो, ती तुमचीच होती."

"माझी? ती कशी?"

"करडा ठिपका आमाला रोज दिसायचा, सर. पोरं विचारायची, मॅडम, ह्यो कोन हाय? मॅडम बोलल्या, मोरेभाऊ आहेत, गप बसा, नाहीतर पळून जातील. म्हणून आमी कधी बोललो नाय. सगळ्यांचं लिहून झालं की मॅडम तुमचा नंबर टाकायच्या."

"आणि ओळ जायची, तेव्हा काही नाही बोलल्या?"

"मीच विचारलं होतं एकदा. बोलल्या, आज त्यांना सगळं कळलं असेल. उद्या परत ठेवू."

सगळं कळलं असेल.

नव्हतं कळलं, मॅडम.

तुम्ही शिकवलं होतं: सरासरीपासून प्रत्येकाचा फरक काढायचा. ते सगळे फरक मिळवले तर शून्य येतं, अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक फरकाचा स्क्वेअर करायचा. मी तिथेच अडकलो. उणे चिन्ह नको असेल तर ते नुसतं सोडून द्या ना. स्क्वेअर कशाला?

पुस्तकं चाळली. व्हिडिओ बघितले. अर्धं कळायचं, अर्धं निसटायचं.

आणि तुम्ही दोन खोल्या पलीकडे होतात.

आज सकाळी पानं वर्गाच्या नावावर केली. मग शेवटच्या तासाचं पान उघडलं. तिथली रिकामी ओळ मी त्याच दिवशी काढली होती, त्यामुळे नंबर माझा मलाच टाकावा लागला. पुढे माझा प्रश्न लिहिला. खाली नाव. पूर्ण नाव.

थोड्या वेळाने एक हिरवा ठिपका आला. मग जांभळा. मग बरेच.

"सर, मला पण हेच नव्हतं कळलं."
"मला वाटलं मी एकटाच ढ."
"मी भीतीने लिहिलंच नव्हतं."

आता तिथे पोरांचं भांडण जुंपलंय, स्क्वेअर का आणि नुसतं चिन्ह का नाही यावर. एक उत्तर साफ चूक आहे. पुसलेलं नाही. पान अजिबात आवरलेलं नाही.

अकाउंट संध्याकाळी बंद करतो.

मॅडम, ओळ भरली. वाचायला तुम्ही हव्या होतात.

जयभीम, मॅडम.