अय्यूबला न्हाऊ कोण घालणार

पनवेलच्या मोहल्ल्यात बाई गेली की हव्वाबीला बोलावणं यायचंच. मयताला गुस्ल द्यायचं, म्हणजे कफन घालण्याआधी शेवटची आंघोळ घालायची, हे काम ती पंचवीस वर्षं करत होती. हात हलका, तोंड मात्र फटकळ. जिवंत माणसांशी आपलं जमत नाही, मेलेल्यांची कधी तक्रार आली नाही, असं ती स्वतःच सांगायची.

तिचा नवरा अय्यूब बाजारात कापडाच्या दुकानात होता. ताग्याची घडी घालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गेल्या उन्हाळ्यात तो घडी अर्धी टाकून नुसता बघत बसायला लागला. महिन्याभरात चालताना झोक जाऊ लागला. मग आफरीनला, पोटच्या पोरीला, तो ओळखेना. साधा चमचा पडला तरी त्याचं सगळं अंग उडायचं.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी दोघी मायलेकींना समोर बसवून सांगितलं. मेंदूच्या पेशींवर एक प्रथिन असतं, सगळ्यांच्याच. त्याची ठरलेली घडी असते. क्वचित एखाद्याची घडी आपोआप चुकते, आणि ते शेजारच्याला भिडलं की त्याचीही तशीच चुकते. चुकलेल्यांचे गठ्ठे साचतात, पेशी मरतात, मेंदूला स्पंजासारखी बारीक भोकं पडतात. यात जंतू नाही, विषाणू नाही. प्रथिन आपलंच, म्हणून शरीर त्याच्याशी लढतही नाही. औषध नाही.

हव्वाबीने दोनच गोष्टी विचारल्या. खाण्यातून आलं का? नाही. हात लावल्याने, न्हाऊ घातल्याने लागेल का? नाही, बाई म्हणाल्या. घरच्यांनी भरवावं, पुसावं, जवळ घ्यावं.

पण अय्यूबचा धाकटा भाऊ इमाद डॉक्टरीणबाईंपेक्षा शहाणा. त्याने फोनवर परदेशातल्या वेड्या गायींच्या रोगाचा व्हिडिओ पाहिला, मांस खाऊन माणसांना होतो तो, आणि नमाज सुटल्यावर चार जणांना दाखवला. भावाने काहीतरी सडकं खाल्लं, आता घरभर तेच, असं त्याचं म्हणणं. आठवड्याभरात हव्वाबीच्या घरचा चहा लोकांना नको झाला. बाईंनी सांगितलेला रोग तिला मोहल्ल्यातच दिसायला लागला. एकाने तोंड वाकडं केलं की शेजारचाही तसंच करायचा, आणि लढायचं कुणाशी, सगळे आपलेच.

दुखण्याच्या पाचव्या महिन्यात, एका सकाळी पेज भरवताना अय्यूब गेला.

पुरुषांना गुस्ल देणारे दोघे होते. एकाचे गुडघे नेमके त्याच दिवशी धरले. दुसरा उरणला गेलाय असं त्याच्या बायकोने सांगितलं, आणि आतून त्याच्या खोकल्याचा आवाज आला. तासाभराने इमाद आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हणाला, प्लास्टिकमध्ये गुंडाळू, वरून माती फिरवून तयम्मुम करू, पाणी नको. कोविडमध्ये असंच केलं होतं.

हव्वाबीचं डोकं फिरलं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या लग्नांचं कापड हाताळलं, तो बिनआंघोळीचा जाणार?

"कोविडमध्ये तुझ्या आईला कोणी न्हाऊ घातलं?" तिने विचारलं. "मी घातलं. तू तेव्हाबी इथंच उभा होतास."

इमाद पायरी उतरून मागे सरला.

"बायको नवऱ्याला गुस्ल देऊ शकते. मौलानांना विचार, नायतर नको विचारू."

तिने पडदा लावला. आफरीन पडद्याबाहेरून बोरीच्या पाल्याचं कोमट पाणी देत राहिली. हव्वाबीने आधी उजवी बाजू धुतली, मग डावी. इतके महिने उडणारे ते पाय आता अगदी शांत होते, आणि त्याचंच तिला रडू आलं. तीनदा पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर. मग कफनाची घडी तिने त्याच्यासारखीच नीट घातली. खांदा द्यायला मात्र सगळे आले. मयताला हात न लावता पुण्य मिळत असेल तर कुणाला नको असतं!

दोन महिन्यांनी इमादची सासू वारली. दुपारी इमाद दारात उभा. भाभी, चला, म्हणाला.

हव्वाबी उठली. मेलेल्या बाईचा काय गुन्हा? पण दारात थांबून तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

"हेच हात हायत. तुझ्या भावाला लावलेले. चालतील?"

इमादने मान हलवली.

"तोंडानं सांग."

"चालतील, भाभी."

तिने कापूर, कापूस, पाला पिशवीत भरला आणि पिशवी त्याच्यासमोर धरली. इमाद चप्पल शोधायला लागला. चप्पल त्याच्या पायातच होती. हव्वाबीने पिशवी स्वतःच उचलली आणि पुढे चालू लागली.