जांभूळबियांचं सँपल

भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या आमच्या घरामागे जांभळाचं झाड आहे. ते कोणी लावलं नाही, आपोआप उगवलं. रिटायर झाल्यापासून मात्र बाबा रोज सकाळी त्याच्याभोवती चक्कर मारतात, जसं काही त्याची हजेरी त्यांनाच लावायची आहे.

आईचा या झाडावर फार जुना विश्वास. तोंड आलं की सालीच्या काढ्याच्या गुळण्या, पोट बिघडलं की सालीचाच काढा, आणि शुगरला बियांची पूड. तिच्या माहेरी, भंडाऱ्याकडे, सगळे असंच करत. त्यातले तीन-चार जण शुगरनेच गेले, पण ती गोष्ट तिच्यासमोर काढायची नाही.

शुगर बाबांनाही आहे, पण त्यांचा पुडीवर विश्वास बसला तो माझ्यामुळे. हे मी घराबाहेर अजून कोणाला सांगितलं नाही.

मी तेव्हा रायपूरला पीएचडी करत होती, जांभळाच्या बियांवर. घरचं झाड असताना बिया बाजारातून कशाला आणायच्या? बाबा बिया धुवायचे, गच्चीवर वाळवायचे, डब्यात भरून वर लॉट नंबर टाकायचे. प्लांटमध्ये त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं. भट्टीतल्या वितळलेल्या पोलादातून लांब दांड्याच्या पळीने सँपल काढायचं आणि लॅबला पाठवायचं. एका खेपेला भट्टीतून जेवढं पोलाद निघतं, त्याला हीट म्हणतात. पळीभर सँपल पास झालं की अख्खी हीट पास, मग ती शंभर टनांची का असेना.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "काय म्हणते लॅब? झालं का पास?"

माझ्या अर्काने त्या दिवशी स्टार्चची साखर बनवणाऱ्या एन्झाइमला चांगलं रोखून धरलं होतं. कुठे, तर परीक्षानळीत. नळीला ना पोट असतं, ना लिव्हर, ना चहासोबत चार बिस्किटं खायची सवय. पण हे सगळं बाबांना समजावायला दहा मिनिटं तरी लागली असती, आणि माझी बस सुटत होती.

"हव बाबा, झालं पास," मी म्हटलं.

"एक नंबर!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दिवाळीला घरी आली तर बाबा लंगडत होते. पायात मोजे. भिलाईत, भर दुपारी.

"काही नाही व, चप्पल चावली," ते म्हणाले.

मी जबरदस्तीने मोजा काढला. अंगठा काळा पडला होता. "बाबा, शुगरची गोळी घेऊन राहिले ना तुम्ही?"

"कावून घेऊ? तूच तर पास केलं." त्यांनी फळीवरचा पुडीचा डबा आणून दाखवला. वर खडूने लिहिलं होतं: लॉट तीन, पास. आणि पास करणाऱ्याच्या जागी माझं नाव.

"अहो बाबा, ते नळीत पास झालं! माणसात नाही!" मी ओरडली. एवढ्या जोरात मी त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती.

"मग तसं सांगाचं ना. आमच्याकडे पास म्हंजे पास." त्यांच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. आई दारात उभी होती. पूड रोज तीच देत होती, पण गोळी बंद केल्याचं तिलाही माहीत नव्हतं.

हॉस्पिटलात अंगठा काढावा लागला. आणखी उशीर केला असता तर पाय गेला असता, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी चिडून विचारलं, "दवा बंद करने को किसने कहा था?"

मी शेजारी उभी राहून फॉर्म भरत होती. भरतच राहिली. कोणाच्याच हातचं पेन कधी एवढं मन लावून चाललं नसेल.

"किसी ने नहीं साहब," बाबा म्हणाले. "अपने मन से."

डॉक्टर गेल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, मी तेव्हा घाईत होती. बस सुटत होती माझी. म्हणून नुसतं पास म्हटलं." आणि मी रडायला लागली. लाज वाटली, भीती वाटली, सगळंच वाटलं.

बाबांनी पट्टी बांधलेल्या पायावर हात ठेवला. "तुझं सँपल बरोबरच होतं," ते म्हणाले. "ही हीटच जुनी होती. जाऊ दे, रडू नको. आता सांग मले, नळीत काय झालं होतं ते."

मी स्टूल ओढलं, बसली, आणि सगळं समजावून सांगितलं. सहा मिनिटं लागली.