काटक मुलींची कॅप्टन

कॅप्टनचा आवाज फक्त मैदानावर निघायचा. एरवी ती इतकं हळू बोलायची, की मेसमध्ये तिनं मीठ मागितलं तरी समोरच्याला ‘काय?’ म्हणून कान पुढे करावा लागे. पण खो-खोच्या मैदानात उतरून तिनं ‘खो’ दिला, की कंपाउंडबाहेरचा चहावाला मान वर करून बघायचा. एवढ्याशा अंगात एवढा आवाज राहतो कुठे, हा कॉलेजात चर्चेचा विषय होता. कुणी विचारलंच तर म्हणायची, “आमच्याकडं या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारावी लागते. जवळ बसलेल्या माणसावर कशाला वरडायचं?”

ती सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. नाशिकला आमच्या कॉलेजात आली ती हॉस्टेलमध्ये राहिली, आणि दुसऱ्या वर्षापासून आमच्या संघाची कॅप्टन झाली. मी मखमलाबादची, शेवंती आणि झेंडू पिकवणाऱ्या घरातली. पहाटे बापाबरोबर फुलबाजार करून मी सरावाला यायची, त्यामुळे माझ्या हातांना कायम झेंडूचा वास. इतर मुली नाक मुरडायच्या. कॅप्टन हात हुंगून म्हणायची, “बेस.”

‘बेस’ म्हणजे तिच्या बोलीत चांगलं. तिला सगळंच बेस असायचं. हॉस्टेलची डाळ, जिच्यात डाळ शोधावी लागे, ती बेस. घोटा सुजून नारळाएवढा झाला तरी तो बेस. घरी फोन लावला आणि रेंज लागली, की पहिला शब्द हाच. हे बेस म्हणजे समाधान की तोंड बंद ठेवायची युक्ती, हे आम्हाला कधी कळलं नाही. मला वाटतं, दोन्ही असावं.

खो-खोत बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं, की ती उठून पळत्या गड्यामागे धावते आणि खो देणारी तिच्या जागी बसते. हा हात कसा लावायचा, यावर कॅप्टनचा फार कटाक्ष. “बोटं टेकवू नको, तळवा ठेव. पाठीला कळलं पाहिजे का मागं आपलं माणूस हाय.” आमच्यात एक शहरातली मुलगी होती, मेघा. हॉस्टेलच्या मुलींना खो दिला की हात हळूच ट्रॅकपँटला पुसायची. कॅप्टननं ते पाहिलं. मग पुढचे कित्येक दिवस ती सरावात मेघाच्या पुढ्यात स्वतःच बसत राहिली. मेघा खो देणार, हात पुसणार, पुन्हा खो देणार. शेवटी पुसायचा तिलाच कंटाळा आला. नंतर हीच मेघा कॅप्टनच्या ताटात जेवायला लागली, आणि कॅप्टनच्या घरून आलेली नागलीची भाकरी आमच्या वाट्याला येईनाशी झाली.

आमच्या क्रीडाप्रमुख सरांचा एक आवडता शब्द होता, काटक. “या डोंगरातल्या पोरी काटक असतात,” असं ते कौतुकानं सांगायचे, पाहुण्यांसमोर तर हटकून. आता या कौतुकाचा हिशेब असा, की शहरातल्या मुलींना सरावानंतर अंडी आणि केळी, हॉस्टेलच्या मुलींना मेस आहेच. आम्हाला बूट नवे, त्यांना मागच्या वर्षीचे, कारण त्या अनवाणी पळतात. आमचा पाय मुरगळला तर फिजिओ, त्यांचा मुरगळला तर सर हसून म्हणत, “तुम्हाला काय होतंय? काटक माणसं तुम्ही.” गंमत म्हणजे माझी आईसुद्धा हाच शब्द वापरायची. सुट्टीच्या दिवशी कॅप्टन आमच्याकडे फुलं तोडायला आली, की आई म्हणायची, “बघ कशी काटक आहे, नाहीतर तू.” कॅप्टन नुसती हसायची. एकदा मात्र शेवंतीच्या ओळीत वाकलेली असताना माझ्याकडे न बघताच म्हणाली, “काटक म्हणजे काटकीवाणी ना? काटकी चुलीत घालायची असते.”

तिसऱ्या वर्षी संघात हिरा आली. कॅप्टनच्या शेजारच्या पाड्यावरची, पहिल्याच वर्षाला, आणि अशी चपळ की तिला बाद करताना आमच्या तोंडाला फेस यायचा. कॅप्टनच तिला आईकडून मागून घेऊन आली होती. “मी हाय ना तिथं,” असं सांगून. हिराचे पाय अधूनमधून दुखायचे, कधी पाठ धरून बसायची. मार्चच्या उन्हात एका दुपारी ती सरावाच्या मध्येच खाली बसली आणि पाणी मागायला लागली. कॅप्टन सरांकडे गेली, म्हणाली, “सर, हिला सोडा, बरं नाय तिला.” सर मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, “पळू दे, पळाली की मोकळी होईल. काटक पोरी तुम्ही, नाटकं शहरातल्यांना शोभतात.” हिरा उठली आणि पळाली. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात पडली. गाडी मिळेना म्हणून कॅप्टननं आणि मी तिला रिक्षात घातली. सिव्हिलपर्यंत कॅप्टन तिच्या पाठीवर तळवा ठेवून बसली होती. हिरा वाचली नाही.

डॉक्टरांनी सिकलसेल सांगितलं. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडे हा रक्ताचा आजार सापडतो. वेळेवर पाणी, विश्रांती आणि डॉक्टर मिळाला तर माणूस त्याच्यासकट जगतो, हे मला नंतर एका डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कॉलेजनं त्यातला सोयीचा तेवढा भाग उचलला. शोकसभेत सर म्हणाले, की दोष तिच्या रक्तातच होता, कुटुंबानं लपवला. आठवडाभरात नोटीस लागली, की हॉस्टेलच्या आदिवासी मुलींना सुरक्षिततेसाठी सर्व संघांतून वगळण्यात येत आहे. जिवंत होती तोवर काटक, आणि मेल्यावर रक्तातच खोट. मला इतका संताप आला होता, की त्या दिवशी मी बापाशीही धड बोलले नाही.

हिराची आई पोरीची पेटी न्यायला हॉस्टेलवर आली, तेव्हा मी तिथे होते. बाई रडत नव्हती. पेटीतले कपडे पुन्हा घडी घालत होती. मग कॅप्टनला म्हणाली, “तुमचे सर म्हणले, आईच्या अंगातली खोट पोरीच्या अंगात येते. मग मीच मारली का गं माझी पोर?” कॅप्टन बाईची पेटी घेऊन बसस्टँडपर्यंत गेली, बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली आणि परत आली ती थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. तिचं मागणं दोनच गोष्टींचं. रक्त तपासायचं तर सगळ्या मुलींचं तपासा. आणि सरांनी हिराच्या घरी जाऊन सांगावं, की चूक आमची झाली, तुमची नाही. प्राचार्य म्हणाले, विचार करू. ते विचार करत राहिले.

मग विद्यापीठाच्या स्पर्धेचा अंतिम सामना आला, आमच्याच मैदानावर. हॉस्टेलच्या मुली वगळल्या तर आमच्याकडे जेमतेम चार जणी उरत होत्या. सर कॅप्टनला बोलावून म्हणाले, “फायनलपुरतं खेळा. नियमाचं नंतर बघू.” कॅप्टन म्हणाली, “खेळतो सर.” ते ऐकून मी तिच्याशी बोलणंच सोडलं. दुसऱ्या दिवशी सरावाला तिनं सगळ्यांना खांबापाशी बसवलं. “आपण मैदानात जाऊ, बसू. पण उठायचं नाय,” ती म्हणाली. “जिला उठायचं तिनं आत्ता सांगा. माझा राग नाय.” मग मेघानं विचारलं, “आणि तुझी भरती?” कॅप्टनला पोलिसात जायचं होतं, खेळाडूंच्या जागांमधून. हा सामना खेळली असती तर विद्यापीठाच्या संघात निवड आणि प्रमाणपत्र नक्की होतं. तिच्या बापानं निफाडला द्राक्षबागांत मजुरी करून तिला शिकवलं ते त्याच भरवशावर. कॅप्टन म्हणाली, “त्याचं मी बघते.”

सामन्याच्या दिवशी मांडव होता, पाहुणे होते, हार आमच्याच शेतातल्या शेवंतीचे होते. समोर सटाण्याचा संघ. नाणेफेक कॅप्टननं जिंकली. ती नेहमी आधी पळती घ्यायची. त्या दिवशी बसायचं म्हणाली. आम्ही आठ जणी चौकोनांत बसलो, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. शिट्टी झाली, सटाण्याच्या तिघी आत आल्या आणि नाचऱ्या पायांनी पळायला लागल्या. कॅप्टन खांबापासून निघाली, पण धावली नाही. चालत आली. पहिलीच्या पाठीवर तळवा ठेवून म्हणाली, “खो.” ती उठली नाही. दुसरीला खो दिला, तीही उठली नाही. माझ्या पाठीवर हात पडला तेव्हा अंग सवयीनं उठायला लागलं, आणि ते दाबून धरायला मला पळण्यापेक्षा जास्त जोर लागला. आठवी झाली, तशी कॅप्टन दुसऱ्या खांबाला पाठ टेकून खाली बसली.

आधी लोक हसले. मग पंचांनी पुन्हा शिट्टी मारली आणि हसू थांबलं. सटाण्याची कॅप्टन वाकून विचारायला लागली, “काय शे बहीण, खेळणं नही का?” मेघानं तिला थोडक्यात सांगितलं. ती पोरगी ऐकून आमच्याशेजारी मातीत बसली, तिच्या सरांनी हाताला धरून उठवीपर्यंत बसून राहिली. आमचे सर रेषेवर येऊन दबल्या आवाजात म्हणाले, “उठा गं. पाहुण्यांसमोर कॉलेजचं नाक कापू नका.” कॅप्टननं उत्तर दिलं ते मैदानावरच्या आवाजात. “आमच्या रक्तात खोट हाय ना सर? मग त्या रक्तानं जिंकलेला कप तुम्हाला कसा चालतो? हिराच्या आईकडं जा, माफी मागा. आम्ही आत्ता उठतो.” मांडवात कुणीतरी माइक बंद केला. माइकची तिला गरज नव्हती. सर वळून मांडवात गेले आणि खुर्चीवर बसले. कप सटाण्याला मिळाला आणि त्यांच्या मुली तो खाली मान घालून घेऊन गेल्या.

नंतर चौकशी झाली. आम्हा शहरातल्या मुलींच्या पालकांना बोलावलं. माझा बाप झेंडूनं पिवळे झालेले हात घेऊन केबिनमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, “माझी पोरगी बसली साहेब. पळून तर गेली नाय ना?” आम्हाला ताकीद देऊन सोडलं. हॉस्टेलच्या मुलींच्या संघातल्या जागा शिस्तभंगाखाली गेल्या, आणि कॅप्टनवर कायमची बंदी आली. प्रमाणपत्र नाही, म्हणून भरती नाही. पुढच्या वर्षी ती नोटीस गुपचूप मागे घेतली. आता सगळ्याच मुलींचं रक्त तपासतात, सरावाला मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका उभी असते आणि कॉलेज त्याचे फोटो छापतं. हिराच्या घरी मात्र कुणी गेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी कॅप्टनच्या पाड्यावर गेले. एक ओळखीच्या वकीलबाई तिची केस फुकट लढायला तयार झाल्या होत्या. बंदी उठेल, प्रमाणपत्राचंही काही होईल, वयाची मर्यादा अजून संपलेली नाही, असं सगळं मी बसमध्ये घोकत गेले. कॅप्टन द्राक्षबागेच्या कामावरून सुट्टी घेऊन आली होती. वाळली होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नको.” मी चिडले. अन्याय गिळायचा हा कसला बेसपणा, असं वाटेल ते बोलले. तिनं चप्पल घातली. “चल, हिराच्या आईकडं जाऊन येऊ.”

हिराची आई अंगणात नागली पाखडत होती. मी कॉलेजची म्हटल्यावर सूप बाजूला ठेवून तिनं मला घोंगडीवर बसवलं. म्हणाली, “तुमच्या कॉलेजची माणसं भली हायेत. सरांना यायला जमलं नाय, पण हिच्याजवळ माफी धाडली त्यांनी. चूक आमची, तुमच्या रक्तात काय खोट नाय, पोर आमच्यामुळं गेली, असं म्हणले. तवापासून मला झोप लागती.” मी कॅप्टनकडे पाहिलं. ती सूप ओढून घेऊन नागली पाखडायला लागली होती, मान खाली घालून.

जन्मात खोटं न बोललेली मुलगी. तिला जे कुणी दिलं नाही, ते तिनं सरांच्या नावानं या बाईला देऊन टाकलं होतं. आता केस उभी राहिली असती, तर सरांनी कोर्टात सांगितलं असतं की माफी कधी मागितलीच नाही, दोष रक्तातच होता. गावात पेपर आला असता आणि कुणीतरी तो या अंगणात वाचून दाखवला असता. मी वकीलबाईंचं नाव पुन्हा काढलं नाही.

निघताना हिराच्या आईनं माझा हात धरला. म्हणाली, “सरांना सांग बाई, माझ्या मनात त्यांच्याबद्दल काय नाय. चुकलं म्हणाले, तिथं मिटलं.” कॅप्टन माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “सांगते.” सर अजून त्याच कॉलेजात आहेत, फुलबाजारातून येताना कधीकधी दिसतात. निरोप अजून माझ्याजवळच आहे.